चार हातांवरचं छप्पर

मंडळी, मागच्या वीकांताला इथे काहीच लिहिलं नाही, कारण दोन्ही दिवस हात ग्रीसने बरबटलेले होते. :)

तर झालं असं. सध्या मी ऑनसाइट आहे, मिशिगनमध्ये. शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात. मोटारीच्या कारखान्यात टूलरूमला आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे घडीचा ट्रेलर आहे. म्हणजे गाडीमागे जोडायचं छोटं घर. रस्त्यावर असताना बुटका खोका, आणि मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छप्पर वर जातं, बाजूंना कापडी भिंती ताणायच्या, झालं! सगळं छप्पर चार कोपऱ्यांतल्या चार लोखंडी हातांवर उभं. त्यांना लिफ्ट आर्म म्हणतात. यंदा आजोबांनी वरचा बर्फ न झटकता हँडल फिरवलं आणि एक हात वाकला. डीलर म्हणाला, कंपनी बंद झालीय, पार्ट मिळणार नाही, भंगारात द्या. उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन जायचं आधीच ठरलेलं. आजोबा एवढंच म्हणाले, "कंपनी गेली असेल, तीन हात तर शाबूत आहेत ना?"

(कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. चूक तिची नव्हतीच.)

पण कंपनी गेली म्हणजे नक्की काय झालं, हा किडा डोक्यात वळवळायला लागला, आणि मी वाचत सुटलो.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि साध्या माणसाकडे गाडी आली. मग गाडीमागे तंबू लादलेली दोनचाकी गाडी ओढत लोक रानात जाऊ लागले. १९२० च्या दशकात तर हे वेडच होतं. पण तो शेवटी तंबू. खांब रोवा, दोऱ्या ताणा. खरी भर पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५६ मध्ये आयझेनहॉवरच्या काळात इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला आणि कुटुंबंच्या कुटुंबं सुट्टीत रस्त्यावर आली. ओहायोतल्या बटलर गावच्या हाय-लो कंपनीने पक्क्या भिंतींचा ट्रेलर काढला, वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर बसणारा, काडेपेटीच्या टोपणासारखा. मिशिगनमधल्याच लपीयरचे अपाची ट्रेलरही त्याच जमान्यातले. १९६७ मध्ये कंदील आणि स्टोव्हसाठी प्रसिद्ध असलेली कोलमन कंपनी या धंद्यात उतरली. तिचा कारखाना पेनसिल्वेनियात, सॉमरसेटला.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाला सुमारे तीन डॉलरचं तेल काही महिन्यांत बाराच्या आसपास गेलं. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. उंच, जड ट्रेलर ओढणं खिशाला परवडेना. घडीचा ट्रेलर हलका, बुटका, वारा कमी अडवणारा. त्याची खरी किंमत अशा वेळी कळते.

पण ही सगळी गंमत त्या चार हातांवर अवलंबून. इथे इंजिनियर मंडळींसाठी एक कोडं: केबल ओढता येते, ढकलता येत नाही. मग खालच्या एका विंचने चार कोपरे वर कसे ढकलायचे? बऱ्याच ट्रेलरमध्ये उत्तर असं आहे: विंच फ्रेमखालच्या केबल ओढते, कप्प्यांवरून गेलेल्या त्या केबल प्रत्येक कोपऱ्यात एक घट्ट वेटोळ्यांची लांब स्प्रिंग पुढे रेटतात. मोकळी स्प्रिंग लगेच वाकेल, पण नळीत कोंडली की ती काठीसारखी ढकलते आणि वळणावर वळतेसुद्धा! तीच एकात एक बसलेल्या नळ्या वर सरकवते. साधं आणि देखणं. फक्त एक नळी अडकली तरी बाकीचे तीन कोपरे वर जात राहतात आणि छप्पर तिरकं होतं. आमचं हेच झालं होतं.

"सरळ करून बसवू या का?" मी विचारलं. आजोबांनी मानेनेच नाही म्हटलं. एकदा दुमडलेली नळी तिथे चपटी होते, परत नीट सरकत नाही आणि पुन्हा तिथेच बसते. खाली नातवंडं झोपणार होती. म्हणून आधी छपराला लाकडाचे टेकू, मग विंचचा ताण सोडला, मगच नटबोल्टला हात. चांगल्या बाजूचा हात सोडवून त्याची मापं घेतली. तोच आमचा नकाशा. त्याच मापाच्या आणि जाडीच्या नळ्या आणल्या, वेल्डिंग आजोबांनी केलं, कानशीने घासायचं काम माझं. रविवारी संध्याकाळी छप्पर उठलं. एक कोपरा दोन बोटं खाली होता, तो केबल ताणून जुळवला.

इकडे कंपन्यांचं काय झालं? १९८९ मध्ये कोलमनचा ट्रेलरचा धंदा फ्लीटवुडने घेतला. मंदीत, मार्च २००९ मध्ये फ्लीटवुडनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. हाय-लो २०१० मध्ये बंद. नावं विकली जातात, यंत्रं लिलावात जातात, पण माप कुठून घ्यायचं आणि कुठे ग्रीस लावायचं नाही हे माहीत असणारी माणसं नुसतीच घरी जातात. माझ्या प्रोजेक्टमध्ये एक मॉड्यूल आहे, ते लिहिणारी कंपनी कधीच उठून गेली. आम्ही रोज त्याला टेकू लावतो, पण आत काय आहे ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मीही नाही.

आजोबांनी वाकलेला हात भंगारात दिला नाही. त्याच्यावर मार्करने सगळी मापं लिहिली, नळीची जाडी, भोकांची अंतरं, तारीख, आणि गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवला. "मी नसेन तेव्हा कुणाचा तरी दुसरा वाकेल," म्हणाले.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी पहिल्यांदा त्या मॉड्यूलची नोंदवही उघडली. दोन पानं झालीयत. बघू, किती टिकतो हा उत्साह.

असो. भेटू पुढच्या वीकांताला.