मुरगावचा करार, मिठागरे आणि मानस

मुरगाव बंदराचा इतिहास आपण नेहमी रेल्वेपासून सुरू करतो. २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, १८८८ साली घाट चढून कॅसलरॉकला गेलेली गाडी. सगळं बरोबर. पण त्याच करारात मिठाचंही कलम होतं. गोव्यातल्या मिठाचं उत्पादन आणि व्यापार इंग्रजांच्या ताब्यात गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये ठरले. करार १८९२ मध्ये संपला, तोवर आगरांची घडी मोडली होती. म्हणजे नव्या बंदराची पहिली किंमत मोजली ती किनाऱ्यावरच्या मिठागरांनी.

ही मिठागरे खाजन जमिनीत. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून राखलेली. मी पेशाने अभियंता, त्यामुळे माझं लक्ष आधी मानशीकडे जातं. मानस म्हणजे बांधातलं लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. आत पावसाळ्यात कोरगुट भात, काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ, आणि मानशीपाशी मासे. बंदराचा धक्का समुद्राला थोपवतो. मानस त्याच्याशी वेळ ठरवून घेते.

पण खरी करामत लाकडात नव्हे, व्यवस्थेत होती. बांध मातीचा, बाहेरून जांभ्याचा. खेकडे पोखरणार, लाटा खाणार, हे गृहीतच. म्हणून देखभाल गावकरीकडे असे, आणि मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाचं उत्पन्नही तिच्याकडेच. मासे कितीही मिळोत, झडप कधी उघडायची हे भाताकडे बघून ठरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुरगावातून लोह खनिजाची निर्यात वाढली. खनिज मांडवी-झुआरीतून बार्जांनी येऊ लागलं, आणि बार्जांच्या लाटा रोज बांधांवर आपटू लागल्या. खनिजाचा हिशेब टनात ठेवला गेला. झिजलेल्या बांधाची दुरुस्ती त्या वाहतुकीच्या खर्चात कुणी धरली नाही. पुढे कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते न्याय्यच होतं. बांधांची जबाबदारी कूळसंघांकडे आली, पण जुनी शिस्त काही कागदाबरोबर आली नाही. भातापेक्षा मासे जास्त पैसे देतात म्हटल्यावर कितीतरी ठिकाणी मानशी उघड्याच राहू लागल्या. खारं पाणी शेतात शिरलं, बांध फुटले, शेतं पडीक झाली.

आज किनाऱ्यासाठी सीआरझेडची अधिसूचना आहे, १९९१ पासून. तिने कुठे बांधू नये हे सांगितलं, ते हवंच होतं. पण खाजन हे नुसतं न बांधून टिकत नाही, ते दरवर्षी दुरुस्त करावं लागतं. बंदर वाढणार, जेटी होणार, गाळ उपसला जाणार. माझा त्याला सरसकट विरोध नाही. फक्त प्रत्येक नव्या धक्क्याच्या अंदाजपत्रकात, ज्यांच्या बांधांवर त्याच्या लाटा आपटणार त्यांच्या दुरुस्तीचा रकाना असावा. गावकरीच्या हिशेबात तो होता. १८७८ च्या करारात नव्हता, आणि त्याचे परिणाम आपण झुआरीच्या काठाने चालत गेलो तर अजून दिसतात.