पाण्याचा थेंब नसलेलं औषध

कुपोषणाचा इतिहास पुष्कळदा प्रोटीनचा इतिहास म्हणून सांगतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सिसिली विल्यम्स या डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. पाय सुजलेली, केसांचा रंग उडालेली, कातडी सोलवटलेली मुलं त्यांच्यासमोर येत. 1933 मध्ये त्यांनी या दुखण्याबद्दल लिहिलं आणि 1935 मध्ये त्याला तिथल्या गा भाषेतलंच नाव दिलं, ‘क्वाशिओरकोर’. धाकटं भावंड आलं की थोरल्याला होणारं दुखणं, असा त्याचा अर्थ. मला हे नाव फार खरं वाटतं. अंगावरचं दूध तुटतं आणि आईच्या मांडीवरची जागाही जाते, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे.

पण जगानं त्यातलं दूध तेवढं उचललं. दूध म्हणजे प्रोटीन, तेव्हा जगात तुटवडा आहे तो प्रोटीनचा, असं ठरलं. पुढची वीसपंचवीस वर्षं प्रोटीनच्या भुकट्या करण्यात गेली. 1974 मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकाराला फजितीच म्हटलं. आमच्या हैदराबादेत ते आधीच उमगलं होतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं, की सुजणारं मूल आणि काडी होणारं मूल यांच्या घरच्या खाण्यात फरक नव्हताच. दोघांनाही मुळात अन्नच कमी पडत होतं. आपले पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्राच्या वाटेनं तिथंच पोचले. चुलीला सरपण नसेल तर माणूस घरातला पाट जाळतो, तसंच हे. पोट रिकामं असलं की शरीर प्रोटीनही सरपण म्हणून जाळून टाकतं.

याच संस्थेचं ‘हैदराबाद मिक्स’ दवाखान्याच्या पुस्तकांतून अजून शिकवतात. गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे भाजून दळायचे आणि गूळ घालायचा. कुठल्याही मराठी बाईला हा लाडूचाच ऐवज वाटेल. चढत्या मुलाला तो उत्तम. पण जे मूल अगदी शेवटाला आलंय त्याला दुधाचं प्रोटीन, तेल, जीवनसत्त्वं, पोटॅशियम, जस्त हे सगळं मोजून लागतं, आणि लहानशा घासात लागतं. पोटात जागाच नसते हो त्याच्या.

त्यासाठी 1990 च्या दशकात एफ-100 नावाचं दूध आलं. 100 मिलिलिटरमध्ये 100 कॅलरी. मुलं त्यावर झपाट्यानं भरत. अडचण एकच, ते पाण्यात कालवायचं. पाणी शुद्ध हवं, दूध ताजं हवं. थोडं राहिलं की त्यात जंतू वाढणार. म्हणून मूल दवाखान्यातच ठेवायचं, तेही कित्येक आठवडे. घरी बाकीची पोरं, शेत, नवरा. आई तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल उचलून निघून जायची आणि डॉक्टर तिला अडाणी म्हणायचे. खाटाखाटांवर गर्दी, एकाचा ताप दुसऱ्याला, ते वेगळंच.

आमच्या जैन स्वयंपाकघरात वाढलेल्या बाईला यातली गोम चटकन कळते. आम्ही पदार्थाची ‘मर्यादा’ मोजतो. पाण्यात शिजलेलं वरणभात दोन प्रहरांचं. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आणि पाणी न लावता तुपासाखरेत वळलेला लाडू पिठाइतका चालतो. पाणी आलं की जीव आले, हा त्यातला हिशेब. सूक्ष्मदर्शकाची भाषा वेगळी, पण पाण्याविषयीचा संशय तोच.

आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरांनी शेवटी पाणीच काढून टाकलं. न्यूत्रिसेत कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्याबरोबर त्यांनी 1990 च्या दशकाच्या मध्याला एफ-100 मधली काही दूधभुकटी काढून तिथं शेंगदाण्याचं लोणी घातलं. तेल, साखर, जीवनसत्त्वं, क्षार होतेच. न्याहारीच्या टेबलावरची नुटेलाची बाटली बघून हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. ‘प्लंपीनट’चं पाकीट 92 ग्रॅमचं, 500 कॅलरींचं. चूल नको, भांडं नको, पाणी नको. कोपरा फाडायचा आणि मुलाच्या हातात द्यायचं.

खरी परीक्षा मलावीत झाली. 2001 च्या सुमारास मार्क मॅनरी या अमेरिकन बालवैद्यांनी ब्लँटायरच्या मोठ्या इस्पितळातला कुपोषण-विभाग चक्क रिकामा केला. पाकिटं देऊन मुलांना आयांबरोबर घरी पाठवलं. सहकाऱ्यांना हे भयंकर वाटलं. डॉक्टरांना जे जमत नव्हतं ते झोपडीतली बाई काय करणार! मुलं बरी झाली, इस्पितळातल्यांपेक्षा जास्त. नायजरमध्ये 2005 च्या दुष्काळात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं साठ हजारांहून अधिक मुलांवर असेच उपचार केले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी एकत्र निवेदन काढून ही रीत मान्य केली. दंडाचा घेर 115 मिलिमीटरच्या खाली असला, ताप-सूज नसली आणि मूल आपणहून पेस्ट खात असलं, तर घरीच उपचार. अत्यवस्थ मूल अजूनही इस्पितळातच जातं.

आपल्याकडे मात्र गाडी अडली. मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये युनिसेफनं बाहेरून आणलेली पाकिटं 2009 मध्ये केंद्र सरकारनं थांबवायला लावली. अंगणवाडीचं ताजं अन्न मागे पडेल, कंपन्या शिरतील, पेटंटवाला भाव ठरवील, हे आक्षेप होते. मला ते खोटे वाटत नाहीत. ज्या देशात गल्लोगल्ली शेंगदाणे भाजतात, त्यानं शेंगदाण्याची पेस्ट फ्रान्सहून का आणावी? पण हा वाद दंड बारीक झालेल्या मुलाच्या उशाशी बसून घालायचा नव्हे. बाहेरचं पाकीट नको म्हणताना त्याच तोलाचं आपलं काही त्याच आठवड्यात पुढे करायला हवं होतं. ते एखाददुसऱ्या राज्यात, एखाददुसऱ्या संस्थेत झालं, सगळीकडे झालं नाही. 2017 मध्ये केंद्रानं राज्यांना पुन्हा कळवलं, की या पाकिटांना पुरेसा पुरावा नाही.

पुरावा त्याच्या आदल्या वर्षी छापून आला होता. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूत सुमारे नऊशे मुलांचे तीन गट केले होते. एकाला कारखान्यातली पेस्ट, दुसऱ्याला गावाजवळच केलेली पेस्ट, तिसऱ्याला घरच्याच जिनसा वाढवून. सगळ्यांत जास्त, म्हणजे शंभरात 57 मुलं सावरली ती गावाजवळच्या पेस्टवर. कारखान्याच्या पेस्टवर 47-48, घरच्या खाण्यावर 43. उपचार थांबल्यावर चार महिन्यांनी पाहिलं, तेव्हा तिन्ही गटांतली बरीच मुलं पुन्हा घसरलेली होती; पाकीट संपलं तरी घर तेच होतं.