ट्रॅक टू म्हणजे काय? सरकारं बोलत नाहीत तेव्हा भारत-पाकिस्तानात कोण बोलतं?

१ जुलै २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या चार दिवसांच्या लष्करी संघर्षाला दोन महिनेही झाले नव्हते. सिंधू जलकरार स्थगित होता, अटारीचं फाटक बंद होतं आणि दोन्हीकडच्या उच्चायुक्तालयांतली माणसं कमी केलेली होती. तरी त्या दिवशी दोन्ही देशांनी एकमेकांना कैद्यांच्या याद्या दिल्या. भारताच्या यादीत पाकिस्तानचे, किंवा पाकिस्तानी असावेत असे, ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार होते. पाकिस्तानच्या यादीत भारताचे ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार होते.

ही देवाणघेवाण सरकारी आहे. २००८च्या करारानुसार ती वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला होते. पण यादीतला माणूस कुठल्या गावचा, त्याची शिक्षा कधी संपली, त्याच्या घरी कळवलं का, हे विचारत राहणारी माणसं बहुतेक सरकारबाहेरची असतात. पत्रकार, वकील, निवृत्त न्यायाधीश, मच्छीमार संघटना. अशा बिगरसरकारी संवादाला आंतरराष्ट्रीय राजकारणात एक नाव आहे.

‘ट्रॅक टू’ हा शब्द आला कुठून?

जोसेफ मोंटव्हिल हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी. १९८१मध्ये विल्यम डेव्हिडसन या मानसोपचारतज्ज्ञासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी हा शब्द वापरला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मंत्री आणि राजदूत बोलतात तो पहिला रस्ता, म्हणजे ट्रॅक वन. तिथे प्रत्येकाला देशाची अधिकृत भूमिकाच मांडावी लागते, कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला तर घरी उत्तर द्यावं लागतं. म्हणून शेजारी दुसरा रस्ता हवा, जिथे पदाची झूल उतरवून बोलता येईल.

पुढे या रस्त्याला फाटे फुटले. पदावरचे अधिकारी ‘वैयक्तिक नात्याने’ बसतात त्याला गमतीने ‘ट्रॅक दीड’ म्हणायला हरकत नाही, इंग्रजीतही तो वन पॉइंट फाइव्हच आहे. विद्यार्थी, कलाकार, महिला संघटना, व्यापारी यांच्या थेट भेटीगाठींना काही जण ट्रॅक थ्री म्हणतात.

एक गल्लत मात्र नेहमी होते. बॅकचॅनेल म्हणजे ट्रॅक टू नव्हे. बॅकचॅनेल गुप्त असतो, पण सरकारीच असतो. तिथे बोलणाऱ्याच्या पाठीशी पंतप्रधान किंवा लष्करप्रमुख उभा असतो. ट्रॅक टूमधल्या माणसाच्या पाठीशी त्याचा अनुभव आणि ओळखी, एवढंच असतं. सोशल मीडियावर ‘दुबईत गुप्त भेट’ अशी बातमी फिरते, तेव्हा ती यातली कुठली हे आधी पाहावं.

दक्षिण आशियात याची गरज जास्त का?

कारण सार्कच्या सनदेतच आहे. १९८५मध्ये ढाक्यात सार्क स्थापन झाली, तेव्हा सनदेच्या दहाव्या कलमात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: सगळे निर्णय एकमताने होतील, आणि द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेला घेतले जाणार नाहीत. म्हणजे ज्या कारणाने शेजाऱ्यांत भांडण आहे, नेमका तोच विषय शेजाऱ्यांच्या संघटनेत काढायचा नाही. त्या वेळी हे शहाणपणाचं वाटलं असेल, आणि या अटीशिवाय संघटना कदाचित झालीही नसती. पण भांडण तिथेच राहिलं आणि शेवटी त्याने संघटनाच अडवली. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४मध्ये काठमांडूत झाली. पुढची इस्लामाबादची परिषद २०१६च्या उरी हल्ल्यानंतर बारगळली.

वादाचे विषय मग किल्ल्यात गेले. हे शब्दशः खरं आहे. १९९१मध्ये राजस्थानातल्या नीमराणा किल्ल्यात, जे आता हॉटेल आहे, दोन्ही देशांतले निवृत्त राजदूत, सेनाधिकारी आणि अभ्यासक भेटले. पुढे या बैठका आलटून पालटून होत राहिल्या आणि ‘नीमराणा संवाद’ हे नाव टिकलं. अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनने पैसा पुरवला, त्यावर दोन्हीकडे भुवयाही उंचावल्या. व्हिसाची कटकट वाढली तशा अशा इतर बैठका बँकॉक, काठमांडू, कोलंबो, दुबई अशा तिसऱ्या देशांतल्या शहरांत सरकल्या.

बंद दाराआड बहुधा एकच नियम असतो: जे बोललं गेलं ते बाहेर वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेवरून तो ओळखला जातो. हा नियम दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. निवृत्त जनरलला ‘आमचं हे ठाणं लष्करी दृष्ट्या तितकं महत्त्वाचं नाही’ असं म्हणता येतं ते यामुळेच. टीव्हीवर तो हे कधीच म्हणणार नाही.

हाती काय लागलं?

नियंत्रण रेषेपलीकडचा व्यापार हे माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. काश्मीरच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र बसवणं हेच आधी अवघड होतं. शास्त्रज्ञांच्या पगवॉश या संघटनेने डिसेंबर २००४मध्ये काठमांडूत ते जमवलं. एप्रिल २००५मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली आणि ऑक्टोबर २००८मध्ये मालाचे ट्रक निघाले. एका बैठकीमुळे बस सुरू झाली असं कुणी म्हणू नये. निर्णय सरकारांचाच होता. मात्र ‘सीमा बदलायची नाही, पण तिचा जाच कमी करायचा’ ही कल्पना सरकारी टेबलावर येण्याआधी अशा खोल्यांमध्ये कित्येकदा घासूनपुसून झाली होती.

तो व्यापार कसा चालायचा हेही पाहण्यासारखं आहे. उरी-चकोठी आणि पूंछ-रावळाकोट असे दोन रस्ते, ठरलेल्या २१ वस्तू, आयात शुल्क शून्य. बँक नाही, पैसा नाही, निव्वळ मालाच्या बदल्यात माल. व्यवहार परस्परांच्या शब्दावर, आणि ज्याच्याशी व्यवहार त्याला सरळ फोन लावायची सोय नाही! तरी तो दहा वर्षांहून जास्त चालला. तेही मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, कारण ट्रक सुरू झाले आणि महिना उलटतो न उलटतो तोच २६/११ घडलं. पुलवामानंतर, एप्रिल २०१९मध्ये, या मार्गाने शस्त्रं, अमली पदार्थ आणि बनावट नोटा येत असल्याचं सांगून भारताने तो स्थगित केला.

याच काळात खरा बॅकचॅनेलही चालू होता. पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे विशेष दूत सतिंदर लांबा आणि मुशर्रफ यांचे विश्वासू तारिक अझीझ काश्मीरवरच्या तोडग्याचा मसुदा करत होते. २००७मध्ये मुशर्रफ यांनी सरन्यायाधीशांना हटवलं, वकील रस्त्यावर उतरले आणि तोडगा पुढे नेण्याइतकी त्यांची राजकीय ताकद उरली नाही. ऑगस्ट २००८मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मसुदा कितीही चांगला असो, सही करणाऱ्याचं घरचं आसन डळमळलं की तो फायलीतच राहतो.

मग टीका का होते?

टीका बरीचशी रास्त आहे. तेच ते चेहरे, त्याच त्या परिषदा. खुर्चीत असताना कठोर आणि निवृत्त झाल्यावर शांततावादी, हा टोमणा दोन्ही देशांत मारला जातो. पाकिस्तानात भारतविषयक धोरण प्रामुख्याने लष्कर ठरवतं. तिथला निवृत्त राजदूत मनापासून बोलला तरी रावळपिंडीत त्याचं कोण ऐकतं, हा प्रश्न उरतोच. आणि दहशतवादी हल्ला अशा संवादाने थांबत नाही.

आग्नेय आशियाशी तुलना केली की उणीव नेमकी कुठे ते कळतं. इंडोनेशियाचे मुत्सद्दी हाशिम जलाल यांनी १९९०मध्ये बालीत दक्षिण चीन समुद्रावरच्या कार्यशाळा सुरू केल्या. पुढच्या वर्षी चीन, तैवान आणि व्हिएतनामचे लोकही आले. बेटं कुणाची हा विषय बाजूला ठेवायचा आणि सागरी जीव, प्रदूषण, जहाजांची सुरक्षितता यांवर बोलायचं, असं ठरलं. तिथे पदावरचे अधिकारी ‘वैयक्तिक नात्याने’ बसत, म्हणजे ऐकलेलं दुसऱ्या दिवशी मंत्रालयात पोचत असे. २००२मध्ये आसिआन आणि चीनने वर्तणुकीचं जाहीरनामापत्र केलं. त्याने चीनला कृत्रिम बेटं बांधण्यापासून रोखलं नाही हेही खरं. पण आसिआनला अभ्याससंस्थांचं ऐकायची सवय लागली, आपल्याकडे ती लागलीच नाही.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

एक नाव घ्यायलाच हवं: निर्मला देशपांडे. जन्म नागपूरचा, लेखक पु. य. देशपांडे यांच्या कन्या, विनोबांबरोबर भूदानयात्रेत चाललेल्या. कारगिलला वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा मार्च २०००मध्ये त्या महिलांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. २००८मध्ये त्या गेल्यानंतर पाकिस्तानने त्यांना ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा सन्मान जाहीर केला.

आणि दुसरा संबंध रोजच्या पोटाचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातले अनेक तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते, आणि सर क्रीकजवळची सीमा तर ठरलेलीच नाही. मासळीमागे बोट पुढे सरकते आणि कराचीच्या तुरुंगात पोचते. सिंधच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचंही उलट दिशेने तेच होतं.

२००८च्या करारात स्पष्ट लिहिलंय: नागरिकत्व निश्चित झालं आणि शिक्षा संपली की महिन्याभरात घरी पाठवायचं. प्रत्यक्षात पडताळणीचे कागद वर्षानुवर्षं फिरतात. यासाठी २००७मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती नेमली होती. ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची आणि कुणाला सोडायला हवं ते सांगायची. २०१३नंतर तिचं काम थांबलं. जुलै २०२५मध्ये भारताने पाकिस्तानकडे ज्यांच्या सुटकेची मागणी केली, त्यांत शिक्षा पूर्ण होऊनही आत असलेले मच्छीमार आणि इतर कैदी मिळून १५९ जण होते.