वऱ्हाडचा कापूस आणि सेवेचे मोल

अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्राच्या आद्य पंडिताने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अनुत्पादक श्रम करणाऱ्यांची एक यादी दिली आहे. तीत घरगडी आहेत, सैनिक आहेत, वकील, वैद्य, लेखक, नट, विदूषक आणि गवई आहेत. आणि आम्ही धर्मगुरूही आहोत. या मंडळींचे काम ज्या क्षणी होते त्याच क्षणी विरून जाते, मागे विकता येईल अशी वस्तू राहत नाही, असा त्याचा मुद्दा होता. विदूषकाच्या पंगतीला बसविल्याबद्दल प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. परंतु पुढील दोन शतकांत काळाने या यादीची मोठी थट्टा केली. ज्यांना स्मिथने अनुत्पादक म्हटले, त्यांच्या कामाला आता सेवाक्षेत्र म्हणतात आणि भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग तेथून येतो.

पाठ्यपुस्तके सांगतात की समाज प्रथम शेती करतो, नंतर कारखाने काढतो आणि संपन्न झाल्यावर सेवांकडे वळतो. कॉलिन क्लार्क यांनी १९४० साली आकडेवारीच्या आधारे हा क्रम मांडला. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास मात्र या शिडीवर नीट बसत नाही. येथे कारखान्यांचे युग बहरण्यापूर्वीच सेवांचा बाजार भरला होता, आणि तो भरला कापसाभोवती.

वऱ्हाडचा कापूस पूर्वी बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने मुंबईकडे पहिली मोठी रवानगी केली: पाचशे बैल आणि एक लक्ष वीस हजार पौंड कापूस. म्हणजे दर बैलामागे दोनशे चाळीस पौंडांचे ओझे आणि पुढे घाटांची वाट. या व्यवहारात कापूस पिकविणारा एक; परंतु बैल हाकणारा, वाटेत राखण करणारा, हुंडी लिहिणारा आणि मुंबईत माल उतरवून घेणारा असे कितीतरी. वस्तू एकच, तिच्याभोवती सेवांची मोठी साखळी.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपुरास पोहोचली. १८७० साली लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. त्याच सुमारास बडनेऱ्याहून अमरावतीसही फाटा निघाला. रुळांमागून तारायंत्र आले, सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले, रॅली आणि फोल्कार्ट या परदेशी पेढ्यांचे मुनीम आले. बंजाऱ्यांचा तांडा मात्र रस्त्यावरून उठला. पिढ्यान्‌पिढ्यांची वाहतूक हातची गेली आणि त्यांतील पुष्कळांना शेतीचा वा मजुरीचा आसरा घ्यावा लागला. सेवांच्या वाढीचे कौतुक करताना एक सेवा दुसरीला गिळून वाढते, हे आपण सहसा लिहीत नाही.

आता कापसाच्या बाजारात जाऊ. शेतकरी गाडी घेऊन पहाटे येई. अडत्या त्याचा माल विकून देई व अडत घेई. दलाल दलाली घेई. मापारी तोलून तोलाई घेई. हमाल हमाली घेई. धर्मादायाच्या नावानेही काही कापले जाई. यांतील प्रत्येक जण खरोखरच काहीतरी काम करीत होता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. अनोळखी गावात अनोळखी खरेदीदारापुढे उभ्या असलेल्या कास्तकाराला अडत्याची गरज होतीच. पुष्कळदा पेरणीचे पैसेही त्यानेच दिलेले असत. तेथेच पेच होता. ज्याचे देणे आहे त्याच्याच दुकानी माल न्यायचा, त्याच्याच काट्यावर घालायचा आणि तो सांगेल ती कपात मान्य करायची. सेवा घेणारा तो, मोल देणारा तो, परंतु मोल ठरविणारा दुसराच.

या पेचावर देशातील पहिला कायदेशीर तोडगा आपल्याच भागात निघाला, याचा वऱ्हाडवासीयांना सार्थ अभिमान वाटावा. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. हे कारंजा पुढे दीर्घकाळ अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. १८९७ साली संपूर्ण वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा, देखरेखीची समिती, काट्यांची तपासणी, अडत्या-मापाऱ्यांना परवाने: सेवा ही मोजता येते आणि तिचा दर जाहीर असावा, हे तत्त्व त्यात होते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा अनुभव त्याच्यासमोर होता. उणीव एकच, पण मोठी: समितीवर वरचष्मा व्यापाऱ्यांचा होता. शेतकऱ्याला तेथे खुर्ची नव्हती.

त्याच १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. दोघेही वकील. कापसाने पैसा आणला, पैशाने दावे आणले, दाव्यांनी वकील आणले आणि वकिलांनी राजकारण आणले. हे वाक्य थोडे सैल आहे, पण फारसे खोटे नाही.

अवघ्या दोन वर्षांनी, १८९९-१९०० साली, भीषण दुष्काळ पडला. ज्वारीची पुष्कळ जमीन कापसाखाली गेली होती. रेल्वे धान्य आणू शकत होती आणि आणीतही होती. परंतु हाताला काम नसलेल्या मजुराकडे ते घेण्यास पैसा नव्हता. उत्तम वाहतूक दाराशी असूनही माणसे अन्नावाचून मेली. ज्यांच्या गाठी दाम नव्हता, त्यांच्यापुरती ती सेवा नव्हतीच.

पुढील इतिहास ओझरताच सांगतो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि हमालाच्या श्रमाला भविष्यनिर्वाह निधीसारखे संरक्षण मिळण्याची वाट मोकळी झाली. १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. तिने अडत्या दूर केला. त्याच्या जागी प्रत ठरविणारा ग्रेडर आला आणि चुकाऱ्याची वाट पाहणे आले. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी, खासगी कंपनीने कापसासाठी बांधलेली शकुंतला रेल्वे आता बंद आहे.

आजची अमरावती आणि अकोला ही मुख्यत्वे सेवांची शहरे आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्था, त्यांच्या नावाचे अकोल्याचे १९६९ चे कृषी विद्यापीठ, १९८३ चे अमरावती विद्यापीठ, दवाखाने, बँका, शिकवण्या यांवर लक्षावधी कुटुंबे जगतात. खेड्यातला कास्तकार कापूस विकून मुलाची फी भरतो, आजाऱ्याचे बिल भागवतो, बँकेचे व्याज देतो. तो या सर्व सेवांचा ग्राहक आहे. त्याच्या शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते. सूत आणि कापड बहुतांशी दुसरीकडे होते.

आणि एक काम असे आहे की जे कोणत्याच बाजार-कायद्यात आलेले नाही, कारण ते फाटकाच्या अलीकडे होते. दिवाळीच्या सुमारास ओटी बांधून बाया वेचणीला जातात. बोंडाच्या टोकांनी बोटे सोलतात. मजुरी किलोवर मिळते, आणि तोलतो मालकच.