हुणसगी खोऱ्यातील बिंदू

बीदर-गुलबर्गा प्रांताचा इतिहास म्हटला की आमची दृष्टी बहमनी किल्ल्यांच्या तटापाशी थबकते. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील, आता यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या, हुणसगी-बैचबाळ खोऱ्याचा इतिहास त्याहून लक्षावधी वर्षे मागे जातो. तेथे तट नाहीत, शिलालेख नाहीत. आदिमानवाने घडविलेली दगडी हत्यारे तेवढी आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी वर्षानुवर्षे पायी हिंडून त्यांच्या स्थळांची नोंद केली.

अशी स्थळे नकाशावर मांडली की डोळ्यांस पुंजके दिसतात. पण मूठभर ज्वारी अंगणात फेकली तरी पुंजके दिसतातच! मग मनुष्याने जागा निवडली की ते यदृच्छेने घडले, हे ठरवावे कसे? क्लार्क आणि इव्हान्स यांनी 1954 साली वनस्पतींच्या विखुरणीसाठी एक गणित मांडले. पुढे ते पुरातत्त्वज्ञांनी उचलले. प्रत्येक बिंदूपासून त्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूचे अंतर मोजावे व सरासरी काढावी. बिंदू यदृच्छेने पडले असते तर ती किती आली असती, हेही काढता येते: दर चौरस किलोमीटरमागील बिंदुसंख्येच्या वर्गमुळाची दुप्पट करून तिने एकास भागावे. समजा, 100 चौरस किलोमीटरांत 25 स्थळे आहेत; अपेक्षित अंतर 1 किलोमीटर. प्रत्यक्षात ते अर्धाच किलोमीटर भरले, तर गुणोत्तर 0.5, म्हणजे स्थळे एकवटलेली. गुणोत्तर 1 च्या आसपास असेल तर यदृच्छा; 2.15 च्या जवळ गेले तर मधाच्या पोळ्यासारखी समान पसरण.

एकवटली का, हे मात्र गणित सांगत नाही. उन्हाळ्यात माणसे बारमाही झऱ्यांपाशी जमत आणि पावसाळ्यात खोरेभर पांगत, असा अर्थ पद्दय्यांनी लावला, तो झऱ्यांनी मागे ठेवलेल्या चुन्याच्या थरांच्या आधारे.

शिवाय क्षेत्राची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न उरतोच. भोवतालचे ओसाड पठार हिशेबात घेतले की अपेक्षित अंतर वाढते आणि नसलेले पुंजके दिसू लागतात. त्याहून मोठी अडचण नांगराची. नारायणपूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले, शेते सपाट झाली (शेतकऱ्यास त्याचा दोष कोण देईल?) आणि स्थळे पुसली जाऊ लागली. तेथे मनुष्य नव्हता, तेथे कोणी शोधलेच नाही, अथवा होते ते नष्ट झाले, या तिन्ही गोष्टी गणितास सारख्याच रिकाम्या दिसतात. म्हणून खोरे पायाखाली घालणाऱ्याने काही न सापडलेल्या शेताचीही नोंद, तारखेसह, ठेवावयाची असते.