ही गाडी नक्की कोणाची?

माझा मावसभाऊ फ्रान्समध्ये लियोंला असतो. तिथल्या जुन्या बाजारात फिरायची त्याला भारी हौस. गेल्या महिन्यात त्याने एक जुना फोटो स्कॅन करून पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "दादा, ओळख पाहू!" एक काळी मोटार, दोन्ही मडगार्डांवर बसलेली चार पोरं, हातात रायफली, दंडाला पट्टे. दारावर पांढऱ्या रंगात घाईघाईने फासलेली एफएफआय ही अक्षरं आणि शेजारी दोन आडव्या दांड्यांचा क्रूस, म्हणजे लॉरेनचा क्रूस. फोटोमागे काहीच लिहिलेलं नाही.

आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की असा फोटो दिसला की माझा रविवार गेला. मुंबईत वाढलेल्या आमच्या पिढीला हा रोग लहानपणीच जडतो म्हणा. गल्लीच्या तोंडाशी दिसणारी फियाट 'डुक्कर' आहे की नंतरची, हे नुसतं नाक पाहून सांगायची आमच्यात पैज लागायची. तीच विद्या इथे चालते, फक्त नाकं वेगळी.

तर ही गाडी आहे सित्रोएन ट्राक्सियाँ आवाँ. अर्थ सरळ आहे, पुढची चाकं गाडी ओढतात. १९३४ साली ती आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली. मिशलँ या टायरवाल्यांनी ती ताब्यात घेतली, आणि १९३५ च्या जुलैत आंद्रे सित्रोएन वारले. गाडी मात्र १९५७ पर्यंत निघत राहिली, साडेसात लाखांहून जास्त. ओळखायला अगदी सोपी. जाळीवर उलट्या व्ही-सारख्या दोन खुणा, चढा-उतरायला फूटबोर्ड नाही, बसकी चाल, आणि पुढचं दार उलट्या बाजूने उघडणारं.

खरी मजा साल ठरवण्यात आहे. युद्धावरच्या सिनेमांत ही गाडी हमखास असते, आणि पुष्कळदा चुकीची असते! मागची डिकी फुगीर पेटीसारखी दिसली तर ती गाडी १९५२ नंतरची, म्हणजे तिचा हिटलरशी काही संबंध येऊ शकत नाही. बॉनेटच्या बाजूला लांब फटींची रांग दिसली तरी तेच, ती युद्धानंतरची. युद्धाआधीच्या गाड्यांना तिथे उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपा असत. आमच्या फोटोत झडपा आहेत. चाकं रुंद आऱ्यांची, मिशलँची 'पिलोत' म्हणतात ती, आणि ती १९३८ च्या सुमारास आली. युद्धाच्या मधल्या वर्षांत कारखान्यातून गाड्या बाहेर पडणं थांबलं होतं. म्हणजे ही १९३८ नंतरची आणि फार तर १९४१-४२ पर्यंतची. बॉनेट फार लांब नाही, तेव्हा सहा सिलिंडरवाली 'पंधरा' नव्हे, 'अकरा'च असणार. अकरामध्येही दोन, लेझेर आणि नॉर्माल. दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात अठरा सेंटीमीटरचा फरक, पण मडगार्डावर पोरं बसलेली असताना तो मोजायचा कसा? असो.

इथपर्यंत कोडं सोडवण्याचा आनंद होता. पुढे मात्र जरा गंभीर व्हावं लागलं.

एफएफआय म्हणजे फ्रान्सच्या आतल्या सगळ्या भूमिगत सशस्त्र गटांची १९४४ मध्ये बांधलेली मोट. पॅरिस १९ ऑगस्टला उठलं, २५ ला सुटलं. लियों सुटलं ३ सप्टेंबरला. तेव्हा ही अक्षरं रंगवलेली शेकडो वाहनं रस्त्यावर आली. पण पोरांनी गाडी आणली कुठून? १९४० पासून जर्मनांनी गाड्या ताब्यात घेतल्या होत्या. सैन्याच्या गाडीला डब्ल्यूएच, विमानदलाच्या गाडीला डब्ल्यूएल अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या पाट्या लागत. साध्या फ्रेंच माणसाला पेट्रोल मिळतच नव्हतं. ज्यांना गाडी चालवायचीच होती त्यांनी कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली. कित्येकांनी चाकं काढून गाडी कडब्याखाली लपवली. आमच्या फोटोत भट्टी नाही. म्हणजे ही गाडी एक तर लपवलेली बाहेर काढली, किंवा ज्यांना पेट्रोल मिळत होतं त्यांच्याकडून हिसकावली.

आणि ज्यांना मिळत होतं त्यांत गेस्टापो होती. तिला आणि तिच्यासाठी काम करणाऱ्या फ्रेंच टोळ्यांना हीच काळी ट्राक्सियाँ आवडायची. वेगवान, रस्ता घट्ट धरणारी. मध्यरात्री ही गाडी दारात थांबली की घरातल्यांचं काय होत असेल! ऑगस्ट उजाडला आणि त्याच जातीच्या गाडीवर फुलं पडली. कदाचित त्याच गाडीवरही. रंगाखाली आधी काय होतं, ते फोटो सांगत नाही. आणि त्या सगळ्याच्या आधी ती कुणा वकिलाची, कुणा व्यापाऱ्याची असेल, ज्याने हप्ते फेडून घेतली होती.

मॉडेल ओळखलं म्हणजे गाडी ओळखली असं नाही, हे सांगणारं एक गाव फ्रान्समध्येच आहे, ओरादूर-स्युर-ग्लान. १० जून १९४४ ला एसएसच्या 'दास राइश' डिव्हिजनच्या तुकडीने तिथली सहाशे चाळीसहून जास्त माणसं मारली. बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून जाळलं. द गॉलच्या आदेशाने ते गाव होतं तसंच राखलं आहे. मैदानावर एका गंजलेल्या मोटारीचा सांगाडा उभा आहे, प्यूजो २०२. ही १९३८ ची छोटी गाडी, तिचे दिवे जाळीच्या आत लपलेले असतात, त्यामुळे धडधाकट असली तर लहान मूलही ओळखेल.

तिला 'डॉक्टरची गाडी' म्हणतात. गावचे तरुण डॉक्टर देसुर्तो रोग्यांना तपासून गाडीने परतले, सैनिकांनी त्यांना उतरवून इतरांत उभं केलं आणि ते मारले गेले. हे सगळं खरं आहे. पण मैदानातली गाडी त्यांची नाही, ती एका दारूच्या व्यापाऱ्याची आहे. डॉक्टरांची गाडी त्यांच्या भावाने आणि पुतण्याने काही आठवड्यांनी तिथून हलवून घरच्या जागेत नेऊन ठेवली. मैदानातला सांगाडा मात्र अजूनही फोटोंखाली आणि प्रवासवर्णनांत 'डॉक्टरची गाडी' म्हणूनच छापला जातो.