यूबी ४० : लोकप्रियतेच्या सावलीत राहिलेले प्रयोग

‘रेड रेड वाइन’ हे गाणे कधीच कानावर पडले नाही, असा पाश्चात्त्य संगीताचा रसिक विरळाच. नील डायमंड यांचे हे मूळ गीत रेगेच्या संथ ठेक्यावर गाऊन ‘यूबी ४०’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८८ मध्ये अमेरिकेत अग्रस्थान पटकावले. मात्र या यशाची किंमतही त्यांना मोजावी लागली. इतरांची गाणी गोड करून गाणारी मंडळी, अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली आणि १९८१ ते १९८५ या काळात त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताच्या क्षेत्रात केलेले प्रयोग विस्मृतीत गेले.

१९७८ मध्ये बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात हा वाद्यवृंद स्थापन झाला. ब्रिटनमध्ये त्या काळी बेकारभत्त्यासाठी भराव्या लागणाऱ्या अर्जाचा क्रमांक हेच त्याचे नाव! गायक अली कॅम्पबेल, त्यांचे बंधू रॉबिन, सॅक्सोफोनवादक ब्रायन ट्रॅव्हर्स, ड्रमवादक जिमी ब्राउन, बेसवादक अर्ल फाल्कनर आदी आठ जणांत स्कॉटिश, जमैकन, येमेनी अशा निरनिराळ्या वंशांची मुळे होती. ‘सायनिंग ऑफ’ (१९८०) हा पहिला अल्बम बॉब लॅम्ब या निर्मात्याच्या राहत्या घरात ध्वनिमुद्रित झाला. बेकारी, वंशद्वेष आणि थॅचर सरकारची धोरणे हे त्याचे विषय होते. हा अल्बम ब्रिटिश विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

पुढील प्रयोग समजून घेण्यासाठी ‘डब’ हा प्रकार माहीत असणे आवश्यक आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे किंग टबी या तंत्रज्ञाने त्याला आकार दिला. टबी मूळचे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती करणारे. ध्वनिमुद्रित गाण्यातील गायन काढून टाकायचे, बेस आणि ड्रम पुढे आणायचे, मधूनच एखादा शब्द वा गिटारचा तुकडा प्रतिध्वनीत विरघळू द्यायचा, अशी ही पद्धत. येथे ध्वनिमिश्रणाचा पाट हेच वाद्य ठरते. या अर्थाने डब हे मुळातच इलेक्ट्रॉनिक संगीत होय.

१९८१ मध्ये यूबी ४० ने ‘डीईपी इंटरनॅशनल’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि ‘प्रेझेंट आर्म्स’ हा अल्बम प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आला ‘प्रेझेंट आर्म्स इन डब’. लोकप्रिय अल्बममधील गाण्यांची मोडतोड करून, बहुतेकांची नावेही बदलून त्यांची जवळजवळ शब्दविरहित रूपे बाजारात आणणे हे व्यावसायिकदृष्ट्या धाडसच होते. जमैकन वस्तीबाहेर फारसा न पोहोचलेला हा प्रकार त्यामुळे ब्रिटनच्या पहिल्या चाळीस अल्बममध्ये गेला. या साऱ्यात अर्ल यांचे बंधू आणि वाद्यवृंदाचे सहनिर्माते रे ‘पाब्लो’ फाल्कनर यांचा वाटा मोठा होता.

१९८३ च्या ‘लेबर ऑफ लव्ह’ने सारे चित्र पालटले. लहानपणी ऐकलेली रेगे गाणी नव्याने गाण्याचा हा उपक्रम थेट अग्रस्थानी गेला. अशा वेळी दुसरा एखादा वाद्यवृंद त्याच वाटेने पुढे गेला असता. यूबी ४० ने मात्र पुढच्याच वर्षी ‘जेफरी मॉर्गन’ हा संपूर्णपणे स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला आणि त्यात ड्रम मशिन व सिंथेसायझर यांना ठळक स्थान दिले. आधीच्या अल्बममधील ऐसपैस, लवचिक ठेक्याच्या जागी येथे आखीव, काहीसा थंड यांत्रिक ठेका ऐकू येतो. ‘इफ इट हॅपन्स अगेन’ या गीतामागे १९८३ ची थॅचर यांची फेरनिवड होती. अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला खरा. पण आज त्याची आठवण क्वचितच निघते.

या अल्बमचे साल महत्त्वाचे आहे. रेगेच्या इतिहासात ‘डिजिटल’ पर्वाचा आरंभ सामान्यतः १९८५ च्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’ या गाण्यापासून मानला जातो. वेन स्मिथ यांच्या आवाजातील या गाण्याचा ठेका कॅसिओ कंपनीच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये आधीपासूनच भरलेला होता. निर्माते होते किंग टबी यांचेच शिष्य प्रिन्स जॅमी. ‘जेफरी मॉर्गन’ त्याच्या काही महिने आधीचा. रेगेमध्ये ड्रम मशिन प्रथम यूबी ४० नेच आणले, असे म्हणता येणार नाही. बॉब मार्ली यांच्या १९७४ च्या ‘नो वुमन, नो क्राय’मध्येही ते होते. तथापि जमैकातील हे वळण येण्याआधीच बर्मिंगहॅमची ही मंडळी त्या दिशेने निघाली होती, याची नोंद व्हायला हवी.

१९८५ च्या ‘बॅगारिडिम’मध्ये आधीच्या दोन अल्बममधील ठेके पुन्हा वापरून त्यांवर स्थानिक ‘डीजे’ गायकांना संधी देण्यात आली. परंतु लक्षात राहिले ते त्यातील ‘आय गॉट यू बेब’, म्हणजे पुन्हा एक जुनेच गाणे! १९८७ मध्ये रे फाल्कनर यांचे मोटार अपघातात निधन झाले. पुढे ‘लेबर ऑफ लव्ह’चे आणखी भाग निघत राहिले आणि प्रयोगांची वाट मागे पडली.

इलेक्ट्रॉनिक संगीतकारांना मात्र या वाद्यवृंदाचा विसर पडला नव्हता. बेकारीवरील ‘वन इन टेन’ या १९८१ च्या गाण्याला मँचेस्टरच्या ‘८०८ स्टेट’ या गटाने १९९२ मध्ये नृत्यसंगीताचे रूप दिले. ते ब्रिटनच्या पहिल्या विसांत पोहोचले. या गटाचे नावच मुळी एका ड्रम मशिनवरून घेतलेले होते.

२००८ मध्ये अली कॅम्पबेल बाहेर पडले आणि पुढे एकाच नावावर दोन वाद्यवृंद हक्क सांगू लागले. २०२१ मध्ये ब्रायन ट्रॅव्हर्स आणि गायक अ‍ॅस्ट्रो हे दोघेही काही महिन्यांच्या अंतराने निवर्तले. त्यांच्या वारशाचा हिशेब मांडताना केवळ गाजलेली गाणी पुरेशी नाहीत. ‘प्रेझेंट आर्म्स इन डब’ आणि ‘जेफरी मॉर्गन’ हे दोन अल्बम ओळीने ऐकावेत. ‘रेड रेड वाइन’च्या गोडव्याआड कोणते धाडस दडून गेले, ते त्यातून उमगते.